टक्क्याचं चिन्ह

तुर्भ्याच्या फळबाजारात, गाळा तीनशे बारा,
लालजी गालाशेठनी काट्याच्या पावतीवर
तळाशी एक ओळ मागितली होती.
"माझी. मला हवी तशी. मी बदलत राहीन."

दिली.
रबाळ्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये, मार्चअखेरच्या घाईत
मीच दिली ती:
शेठ जे टाइप करतील ते
सरळ प्रिंटएफच्या पहिल्या हातात.
कंपायलर कुरकुरला होता.
तो नेहमीच कुरकुरतो, म्हणून मी पुढे गेले.

एप्रिलात शेठनी लिहिलं
10% discount
आणि काट्यातून पावती आली
10 7306iscount

टक्का गेला, डी गेला,
आणि मध्येच कुठून तरी हा आकडा.
दुपारपर्यंत चारशे पावत्या वाटून झाल्या होत्या,
पेट्यांना चिकटून पनवेलला, कल्याणला पोचल्या होत्या,
तेव्हा बबन ढेबे माथाडी हुकाचं टोक नाचवत म्हणाला,
"शेठ, सात हजार तीनशे सहा म्हणजे
तुमचा तोच ना, सकाळी दर बदलताना दाबता तो?"

शेठनी मला फोनवर काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.

केबल घेऊन आंब्याच्या उपड्या क्रेटवर बसले.
गवत बोचत होतं. वर पंखा नव्हता.
प्रिंटएफचा यात दोष नाही, हे कुणाला सांगू?
बिचारा हुकमाचा ताबेदार.
पहिला शब्द तो ऐकत नाही, झेलतो.
टक्का दिसला की उठतो,
पुढे डी असला की आकडा आणायला जातो,
आणि कुणी आकडा दिलाच नसेल
तरी रिकाम्या हाताने परतत नाही,
शेजारच्या खणात हात घालतो,
जे सापडेल ते आणून ठेवतो समोर,
मांजरानं उंदीर ठेवावा तसं, कौतुकाने.

आणि हे तर काहीच नाही.
शेठ हापूसवाले म्हणून वाचलो.
नाशपातीवाले असते,
त्यांनी 10% nashpati लिहिलं असतं,
तर टक्क्यामागे एन आला असता,
आणि एन दिसला की तो वाचत नाही,
लिहितो.
कुठे, ते कुणी सांगावं.

निरोप्याने निरोप पोचवावा, पाळू नये.
एवढंच तर करायचं होतं:
आधी माझा शब्द, दोन अक्षरांचा,
की पुढे येईल ते नुसतं अक्षर आहे, हुकूम नाही,
आणि मग शेठची ओळ, दुसऱ्या हातात.
दीड मिनिटाचं काम.

पण शेठना वजन नावाच्या आधीही हवं होतं,
दर कधी वर, कधी खाली.
म्हणजे खुणा लागणारच.
मग त्या माझ्या खुणा: नाव, वजन, दर, तारीख.
चारच.
एकेक अक्षर मीच वाचीन.
यादीतली खूण आली तर तिची जागा भरीन,
अनोळखी आली तर आहे तशी छापीन,
आणि बत्तीस अक्षरांपुढे, शेठ,
कागदच संपतो.
जाता जाता कंपायलरला सांगून ठेवलं,
आता कुरकुरू नकोस, अडव.

पावती आली.
10% discount

"एवढ्यासाठी दोन तास?" शेठ म्हणाले.
मग नवा आकडा टाकायला वळले,
तळहाताने बटणं झाकून,
आणि माझ्याकडे बघत राहिले, मी पाठ करेपर्यंत.
मी पाठ केली.
समोर हिशोबाच्या वहीवर कुणीतरी
अर्धी कापलेली कैरी ठेवली होती, मिठासकट.

"ताई, मी एक लिहू?" ढेबे.
जाड बोटाने, एकेक बटण शोधत
त्याने लिहिलं. टक्क्यामागे एस.
काल हे छापायला गेला असता
तर काटा जागीच बसला असता.

आज कागद सरकला, थांबला.
त्याने फाडून घेतला, टोपीत खोचला.
100% satarkar